त्रिशंकूभोवतीची धूळ

अप्पा,

आज दुपारी हुबळीत कोप्पीकर रोडवर मी एका परक्या माणसावर ओरडले. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर. मोठे फोटो छापून देणारा, चाळिशी उलटलेला, चष्मा कपाळावर चढवून काम करणारा साधा माणूस तो. मी त्याला दक्षिण आकाशाचा माझा फोटो दिला होता. अगस्त्यापासून मित्र आणि मित्रक या दोन ताऱ्यांपर्यंतचा सगळा पट्टा, मध्ये त्रिशंकूचे चार तारे आणि या सगळ्यांच्या मागून गेलेली आकाशगंगा. आपल्याकडून हे सगळे तारे एकाच वेळी वर दिसत नाहीत, म्हणून संध्याकाळपासून पहाटेपर्यंत जसजसे वर येतील तसे पाच फोटो काढायचे आणि मग जोडायचे. चार फूट लांब छापून मी शिकवते त्या कॉलेजच्या हॉलमध्ये लावायचा होता. त्यानं तो पडद्यावर मोठा केला, आणखी मोठा केला, आणि चक् चक् करत म्हणाला, "मॅडम, लई ठिपके हायत की हो ह्यात. नॉइज हाय ते. काढू काय? एका क्लिकात जातंय."

माझ्या डोक्यात सणक गेली. "हात लावायचा नाही," मी ओरडले. "एकाही ठिपक्याला हात लावायचा नाही तुम्ही!" त्यानं माउसवरचा हात असा उचलला की जणू विस्तवच होता तिथं. मागचं एक गिऱ्हाईक उगाच मोबाइल काढून बघायला लागलं. "विचारलो तेवढंच, मॅडम," तो म्हणाला. "तुम्ही नको म्हणाल्यावर कशाला काढतो मी?" आणि मी पैसे देऊन, प्रिंट कधी मिळणार ते न विचारताच बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की तो माणूस बरोबर होता. त्यानं विचारलं. तुम्ही विचारलं नव्हतं. ओरडायचं होतं ते तुमच्यावर, आणि ते बत्तीस वर्षं राहून गेलंय, म्हणून हे लिहायला बसले आहे.

तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. मेलेल्या माणसावर रागावू नये असं आई म्हणायची, पण आईही आता नाही, आणि मला कुणाची भीड राहिलेली नाही. तुमच्याबद्दल अजून लोक चांगलंच बोलतात. परवा मळमड्डीत भाजी घेताना एक म्हातारे गृहस्थ भेटले. त्यांच्या लग्नाचा फोटो तुम्ही काढला होता म्हणे. "तुझ्या अप्पांचा हात देवाचा होता गं, आमच्या मंडळींच्या तोंडावर देवीचे व्रण होते, एक सुद्धा दिसत न्हाई फोटोत." मी हसून मान डोलावली. देवाच्या हातानं माझं काय केलं ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

दुपारी दोन ते चार तुम्ही स्टुडिओचं शटर अर्धं खाली ओढायचा. आतल्या खिडकीजवळ उतरतं टेबल, त्यावर भिंग, शेजारी काळ्या रंगाची वडी, पाण्याची वाटी आणि तो दोन-तीन केसांचा ब्रश. ब्रशचं टोक ओठांत धरून ओलं करायचं, नखावर टेकवून जास्तीचा रंग काढायचा आणि मग प्रिंटवरच्या एकेका पांढऱ्या ठिपक्यात टिंब भरायचं. याला तुम्ही टचिंग म्हणायचा. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की प्रिंटमध्ये पांढरा ठिपका उमटतो, हे मला अक्षरओळखीच्या आधी कळलं होतं. तुम्ही त्या वेळेत कुणाशी बोलायचा नाही. आई चहा आणून ठेवायची, तो निवायचा. मी सहा-सात वर्षांची असताना एकदा टेबलाला धक्का लावला आणि एका नवरीच्या गालावर काळा डाग पडला. तुम्ही मारलं नाही. नुसतं म्हणालात, "ह्या माणसांनी आपल्याकडे तोंड दिलंय ते चांगलं करून मागायला, बिघडवून न्हवं." आणि ती प्रिंट फाडून पुन्हा पहिल्यापासून केलीत. मला तुमचा अभिमान वाटला होता, अप्पा. तेही लिहायला पाहिजे, नाहीतर माझा राग कसला आहे ते कळणार नाही. नालायक बापावर इतकी वर्षं कोण चिडतं?

बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी पहिल्या वर्गात आले तेव्हा तुम्ही मला स्टुडिओतला जुना कॅमेरा दिलात. बरोबर ती पसरट लेन्स, जी तुम्ही मोठ्या घरांचे फोटो काढायला घेतली होती, आजोबांपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत तीस-चाळीस माणसं एका चौकटीत बसवणारी. आणि काळ्यापांढऱ्या फिल्मचा एक रोल. "छत्तीस हायत," म्हणालात. "छत्तिसात मी दोन्हीकडच्या मंडळींचं अख्खं लग्न काढतोय. वाया घालवू नको." आकाशाचे फोटो काढणार म्हटल्यावर तुम्ही हसलात, पण नाही म्हणाला नाहीत. सुताराकडून दोन फळ्या बिजागरीनं जोडून मी एक साधन करून घेतलं, त्यालाही हरकत घेतली नाहीत. आकाश फिरतं तसा कॅमेरा फिरवायला ते लागतं, नाहीतर तारे ठिपक्यांऐवजी रेघा होतात. बिजागरीचा रोख ध्रुवताऱ्याकडे लावायचा, वरच्या फळीवर कॅमेरा बसवायचा आणि खालून एक स्क्रू दर पंधरा सेकंदांनी पाव फेरा फिरवायचा. एवढंच त्यातलं शास्त्र. तुम्ही ते साधन हातात घेऊन उलटंसुलटं बघितलंत आणि बिजागरीला तेल घातलंत.

अडचण होती ती रात्रीची. लग्नाच्या वयाची मुलगी पहाटे चार वाजता उघड्या शेतात काय करणार? म्हणून आईनं शिवरात्रीची युक्ती काढली. त्या रात्री सगळा गावच जागा असतो, भजनं चालू असतात, बाया देवळात असतात, कोण कुठं जातंय ते कुणी विचारत नाही. वर दुसऱ्या दिवशी अमावास्या, म्हणजे चंद्राचा त्रास नाही. अळणावरच्या पुढं आईच्या मावशीचं शेत होतं, तिथून दक्षिणेला नुसतं जंगल. आम्ही दोघी संध्याकाळच्या गाडीनं गेलो. देवळावर ट्यूबलाइटा लावल्या होत्या, त्यांचा उजेड चुकवायला शेताच्या पार पलीकडच्या बांधावर जाऊन बसलो. थंडी होती. आई घोंगडी पांघरून बसलेली, उपासाची, भुकेजलेली, आणि माझ्यासाठी मोजायला लागलेली. "ओंदु, येरडु, मूरु, नाल्कु..." आई शाळा कन्नडमध्ये शिकली होती, आकडे तिला कन्नडमध्येच यायचे. पंधरा म्हणजे "हदिनैदु" झालं की मी स्क्रूला पाव फेरा द्यायचा. आठ मिनिटांच्या एका फोटोला बत्तीस वेळा हदिनैदु. असे किती फोटो काढले कुणास ठाऊक. एकदा ती मध्येच थांबली. मी दचकून "अगं, मोज की!" म्हणाले, तर वर बघत होती. "एवढे असतात व्हय?" म्हणाली. तो फोटो वाया गेला, स्क्रू फिरवायचा राहिला म्हणून. मी तिच्यावर चिडले, आणि ती हसली.

छत्तिसातला एकच धड आला. उरलेल्यांत कुठं रेघा, कुठं दव, कुठं माझा हात हललेला. पण तो एक, अप्पा! त्रिशंकू क्षितिजापासून हातभर वर, डावीकडे मित्र आणि मित्रक, मागं आकाशगंगेचा लोट, आणि त्यात हजारो बारीक तारे. मी तो रविवारी आपल्या डार्करूममध्ये छापला. ट्रेमधल्या पाण्यात कागदावर ते एकेक उमटताना बघून मी तोंडावर हात दाबून धरला होता. पुण्याच्या एका हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाचं पत्रक कॉलेजात लागलं होतं. उन्हाळ्यात एक महिना ते बारा जणांना पार दक्षिणेला, कन्याकुमारीच्या बाजूला घेऊन जाणार होते. तिथून दक्षिण आकाश आपल्यापेक्षा बरंच वर येतं, मॅजेलनचे मेघ, आकाशगंगेबाहेरचे ते दोन अंधुक पुंजके, दिसतात, जे आपल्याकडे क्षितिजावरच्या धुरकटीतून कधी सुटतच नाहीत. मोठी दुर्बीण, फोटोचं सगळं सामान, शिकवायला माणसं. अट एकच होती, स्वतः काढलेला एक फोटो पाठवायचा. त्या वयात मला दुसरं काही नको होतं. नवरा नको, सोनं नको. तो एक महिना हवा होता.

माझी प्रॅक्टिकल होती. सोमवारी पहाटे मी धारवाडला मावशीकडे गेले, चार दिवसांसाठी. जाताना प्रिंट पाकिटात घालून तुमच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "अप्पा, गुरुवारपर्यंत तिथं पोचायला पाहिजे, आजच रजिस्टर्डनं पाठवा." तुम्ही मान हलवलीत.

शुक्रवारी घरी आले तर तुम्ही खुशीत. जेवायला बसल्यावर म्हणालात, "किती धूळ गं ती! निगेटिव्ह पुसली नव्हतीस काय? सोमवारी दुपारभर आणि रात्री दोन वाजेपर्यंत बसलो बघ. डोळे गेले माझे. मंगळवारी सकाळी पयल्यांदा पोस्टात जाऊन आलो." मला आधी कळलंच नाही तुम्ही कशाबद्दल बोलताय. आईला माझ्या आधी कळलं. ती वाढता वाढता थांबली. "काय काढलासा तुम्ही?" तिनं विचारलं. "धूळ," तुम्ही म्हणालात. "नुसती पसरली होती. मोठे तारे तेवढे ठेवलो. ते चार पतंगासारखे, बाजूचे दोन, आणि आणखी दहा-बारा. आता बघ कसं स्वच्छ दिसायलंय." आणि तुम्ही आमटीचा भुरका मारलात. मी ताटावरून उठले. तुम्ही विचारलंत, "हिला काय झालं?"

तुमचे ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण बत्तीस वर्षं मी ते रोज नाही तरी आठवड्यातून एकदा ऐकते. तुम्ही रात्री दोनपर्यंत बसलात. मायेनं बसलात, हेही मला ठाऊक आहे. ज्या मायेनं तुम्ही देवीचे व्रण काढायचा त्याच मायेनं तुम्ही हजार तारे एकेक करून, टिंब भरून, विझवलेत. आईनं पंधरापर्यंत बत्तीस वेळा मोजून मिळवलेले तारे. आणि मला एकदाही, धारवाडला मावशीच्या शेजारी फोन होता त्यावर एकदाही, "हे काय आहे गं?" असं विचारलं नाहीत. तुम्हाला विचारायची गरजच कधी वाटली नाही. धूळ कोणती आणि चेहरा कोणता हे तुम्ही ठरवायचा, आणि गिऱ्हाईक पैसे देऊन आभार मानून जायचं.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. प्रिंट परत पाठवलेली आणि सोबत पत्र. पत्रात लिहिलं होतं की फोटोवर हातानं काम केलेलं आहे, कागद उजेडात तिरपा धरल्यास ते स्पष्ट दिसतं, फोटो स्वतः काढलेला व अस्सल असावा ही अट होती, सबब आपला अर्ज विचारात घेता येत नाही. चार ओळी. मी तुम्हाला स्टुडिओत येऊन वाचून दाखवल्या. टचिंग झालेली प्रिंट मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. काळं मखमली आकाश, त्यात मोजके तारे, कॅलेंडरवर असावेत तसे. तिरपी धरली तर चकचकीत कागदावर सगळीकडे तुमच्या ब्रशचे मंद ठिपके, मुंग्या लागल्यासारखे. मला वाटलं होतं तुमचा चेहरा पडेल. तो पडलाही. तुम्ही प्रिंट हातातून घेतलीत, खिडकीपाशी नेलीत, तिरपी केलीत, भिंग लावून बघितलंत. आणि म्हणालात, "ग्लॉसीवर का छापलीस? मॅट घ्यायला काय झालं होतं? मॅटवर ब्रह्मदेवाला दिसलं नसतं."

दुःख कशाचं झालं होतं तुम्हाला? टचिंग दिसलं, याचं. मी खोटारडी ठरले याचं नाही.

मी म्हणाले, "अप्पा, लेटरहेडवर एक ओळ लिहून द्या. हे काम मी केलं, मुलीला माहीत नव्हतं. एवढंच लिहा, सही करा. मी पाठवते."

"स्टुडिओच्या लेटरहेडवर? आमचं टचिंग उघडं पडलं म्हणून आम्हीच लिहून द्यायचं?"

"मग साध्या कागदावर द्या."

"धूळ होती म्हणून काढलो. चूक असती तर लिहिलो असतो."

"ते तारे होते!"

"एवढे तारे असतात कुठं गं?"

आई दारात उभी होती, डबा घेऊन आलेली. तुमच्यापुढं ती फारशी बोलत नसे, पण तेव्हा बोलली. "मी होते की तिथं. आभाळ नुसतं भरलेलं होतं. धूळ न्हवती ती." तुम्ही तिच्याकडे बघितलंही नाही. "तू सुम्ने बस, गप. तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय." ती डबा ठेवून गेली. मी पुन्हा म्हणाले, दुसऱ्या दिवशी म्हणाले, तिसऱ्या दिवशी रडून म्हणाले. तुम्ही शेवटी "इरली बिडु, सोड तो विषय, पुढच्या वर्षी जा" म्हणून मोकळे झालात. पुढच्या वर्षी माझं लग्न ठरवायला निघाला होता तुम्ही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या लग्नाचंही लिहिते, आता सुरुवात केलीच आहे तर. दाखवायला जो फोटो काढलात त्यात माझ्या हनुवटीवरचा व्रण गेला, रंग दोन पायऱ्या उजळला, आणि भुवया कुणा दुसरीच्या झाल्या. पहिलं स्थळ बघायला आलं तेव्हा मुलाच्या आईनं फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे, आणि आईला विचारलं, "ही फोटोतली धाकटी काय?" मला धाकटी बहीण नाही. आई स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसली, आणि मग रडली. तुम्ही मात्र खूश होता, कारण टचिंग कुणाला ओळखू आलं नाही. ज्याच्याशी झालं त्यानं मला फोटो न बघता बघितलं होतं, एवढं माझं नशीब बरं.

मी पुढं शिकले, शिकवायला लागले, धारवाडात राहिले. कॅमेरा मात्र पंचवीस वर्षं हातात धरला नाही. कुणी विचारलं तर सांगायची, वडिलांनी माझा एक फोटो खराब केला आणि तो विषय संपला. ऐकणाऱ्याला वाटायचं, एका फोटोचं काय एवढं. तुमचं शेवटचं दुखणं काढलं मी, अप्पा. हुबळीला रोज संध्याकाळी बसनं यायची, तुम्हाला भरवायची, पायाला तेल लावायची, आणि त्या सगळ्या संध्याकाळी वाट बघायची की तुम्ही तो विषय काढाल. तुम्ही एकदा म्हणालात, "तुझा हात हलका हाय, टचिंग शिकली असतीस तर चांगली झाली असतीस." मी तेलाची वाटी आपटली. तुम्हाला वाटलं, सांडली.

सात वर्षांपूर्वी पुन्हा सुरू केलं. आता फिल्म नाही, फळ्या नाहीत. कॅमेरा फिरवायला छोटं यंत्र मिळतं, मोजायला कुणी लागत नाही. नवरा गाडी चालवतो आणि मागच्या सीटवर झोपतो. आईच्या मावशीचं शेत आता दुसऱ्या घराकडे आहे. त्या घरची बाई माझ्यापेक्षा थोडी लहान, मला अक्का म्हणते, रात्री चहा करून आणते. या शिवरात्रीला मी तिला लॅपटॉपवर नुकताच काढलेला फोटो दाखवला. ती वाकून बघत राहिली. "हे आमच्या शेतावरलं? खोटं सांगू नको अक्का. एवढ्या चुक्क्या, एवढ्या चांदण्या कुठल्या आमच्याकडं?" मी म्हटलं, चहा ठेव, अंगणातला दिवा घालव, बांधावर ये, आणि थोडा वेळ नुसती उभी राहा. ती आली. पदर डोक्यावर घेऊन मान वर करून उभी राहिली. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण बराच वेळ गेला. मग हळूच म्हणाली, "हायत की गं. रोज हायत व्हय हे?" आणि नवऱ्याला उठवायला गेली.

ती त्या आकाशाखाली जन्मली, आणि तिनं ते बघितलं नव्हतं. तुम्ही तर कोप्पीकर रोडच्या ट्यूबलाइटांखाली जन्म काढलात. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचा तेव्हा दिसणारे वीस-तीस तारे म्हणजेच तुमचं आकाश. तुमच्या हिशोबानं तुम्ही बरोबरच होता, खरे तारे ठेवलेत आणि बाकीची धूळ काढलीत. हे मला त्या रात्री बांधावर उभं राहून पुरतं कळलं. कळल्यावर राग जाईल असं वाटलं होतं. गेला नाही. उलट वाढला. कारण फोटो काढायच्या आधी मी तुम्हाला तीनदा म्हटलं होतं, अप्पा, तुम्हीही चला. तुम्ही म्हणालात, दुसऱ्या दिवशी एका लग्नाच्या प्रिंट द्यायच्या आहेत. आला असतात तर आईसारखं वर बघून थांबला असतात. ती बाई स्वतः बांधावर आली, अप्पा. तिला खोटं वाटलं तेव्हा तिनं बाहेर येऊन बघितलं. तुम्ही तुमच्या मुलीचं आणि बायकोचं ऐकलं, आणि गच्चीपर्यंतसुद्धा गेला नाहीत.

तो छापणारा माणूस उद्या-परवा कधीतरी फोन करेल, प्रिंट तयार आहे म्हणून. मी जाऊन त्याची माफी मागणार आहे. तुमची मागणार नाही. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे, ती मी कुणालाच सांगितलेली नाही, आईलाही नाही.

मंडळाचं ते पत्र चार ओळींचं नव्हतं. पाच ओळींचं होतं. पाचवी मी स्टुडिओत वाचून दाखवली नाही. तिच्यात लिहिलं होतं, काही गैरसमज असल्यास मूळ निगेटिव्ह आठ दिवसांत पाठवावी, फेरविचार केला जाईल. निगेटिव्हला तुम्ही हातही लावला नव्हता. ती माझ्या फिजिक्सच्या वहीत होती, हजार ताऱ्यांसकट. पोस्ट ऑफिस चार दुकानं सोडून होतं. पाठवली असती तर मी गेले असते, याची मला तेव्हाही खात्री होती. पण मला जाण्यापेक्षा तुमच्याकडून ती एक ओळ जास्त हवी होती. तुम्हाला वाकवल्याशिवाय मला काही नको होतं. आठ दिवस मी तुमच्यासमोर आले, गेले, रडले, आणि रोज मनात दिवस मोजले. नवव्या दिवशी आईला सांगितलं, अप्पांमुळे माझं जाणं हुकलं. तुम्हाला मुदत होती, अप्पा. ते फक्त तुम्हाला ठाऊक नव्हतं.